कोरडा खराटा

सकाळचे सात वाजले की रश्मी मगरे हातातलं काम टाकून गॅलरीत येऊन उभी राही. विक्रोळीला हायवेलगत बसचा डेपो आहे, त्याच्या मागे सफाई कामगारांच्या खोल्या. तिसऱ्या मजल्यावरून हायड्रोजन भरण्याचा पंप स्वच्छ दिसतो. तिथे तिचे वडील, कुंडलिक मगरे, लांब दांड्याचा खराटा घेऊन पंपाभोवती फिरत. पाइपांच्या सांध्यांवरून खराट्याचं टोक खालून वर, वरून खाली ओवाळत. टोक पेटलं नाही की सगळं ठीक. मग सहा नव्या गाड्या गॅस भरून कांदिवलीच्या वाटेला लागत.

"काय रे, कुंडलिकची आरती झाली का?" असं चालक लांबूनच विचारत आणि हसत. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते त्यांचं त्यांना माहीत.

गाड्या झकास होत्या, यात वाद नाही. धूर नाही, घरघर नाही, मागच्या नळीतून नुसती वाफ. पण या गॅसची एक वाईट खोड आहे. बारीकशी गळती झाली तर तो कधी पेट घेईल याचा नेम नाही, आणि पेटला तर त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. अगदी अंगाशी येईपर्यंत धगही लागत नाही. ज्योत ओळखणारं यंत्र पंपावर बसवलं होतं, पण ते उगाचच बोंबलायचं म्हणून बंद केलेलं. नवं परदेशातून येणार होतं. आठ महिने ते येतच होतं. तोवर गाड्या उभ्या कशा ठेवायच्या? उद्घाटन झालेलं, फोटो छापून आलेले. तेव्हा पंपाचे प्रमुख सुबोध सावंत यांनी मोबाइलवर एका व्हिडिओत पाहिलेली जुनी युक्ती काढली. झाडू पुढे धरून चालायचं. ज्योत असेल तर झाडू पेटतो. आणि झाडू म्हटल्यावर माणूस कोण, हे कुणाला विचारावंही लागलं नाही.

कसं लागणार? या डेपोच्या सफाईच्या रजिस्टरात बत्तीस नावं आहेत. ती वाचली की बत्तीस गावांच्या वेशीबाहेरच्या वस्त्या वाचल्यासारखं होतं. कुंडलिकचे वडील परतूरहून आले ते इथे झाडूच धरायला. त्यांच्यामागे कुंडलिक. राहती खोलीही झाडूबरोबरची. वारसाने झाडू घेतला तर खोली राहते, नाहीतर जाते. याला सोय म्हणतात.

रश्मीने आयटीआयमध्ये मापन यंत्रांचा कोर्स केला होता. गॅस तपासनिसाची जागा निघाली तेव्हा तिने अर्ज टाकला. सावंत गोड बोलले. "अगं, तुझी जागा ठरलेलीच आहे. कुंडलिकनंतर तूच ना? कशाला दगदग करतेस?" ती जागा हर्षद नावाच्या मुलाला मिळाली. तो वाईट नव्हता. गळ्यात मीटर अडकवून तो पंपापासून वीस पावलांवरच्या पिवळ्या रेघेमागे उभा राही. ती रेघ त्याच्यासाठी होती, कुंडलिकसाठी नव्हती, एवढंच.

त्या गुरुवारी रश्मीची आई, जया, डब्यात भाकरी भरत होती. रश्मी वडिलांना म्हणाली, "पप्पा, फरशी धुतलेला खराटा पंपावर नेत जाऊ नका ना. ओला असला तर पेटणारच नाही, तुम्हाला कळणार कसं?"

"मागितला गं दुसरा. चारदा मागितला. साहेब म्हनले, एका मानसाला दोन झाडू कशाला."

"मग नाही म्हणा."

कुंडलिक हसले. "नाही म्हनायची सवय लागली नाही बघ आपल्याला. तू शिक ती." आणि डबा घेऊन गेले.

त्या दिवशी नऊ वाजता कुठलंसं शिष्टमंडळ हायड्रोजन गाड्या पाहायला यायचं होतं. रश्मीला गॅलरीतून सावंतांचा आवाज ऐकू येत होता. वयाने पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला अरेतुरे चाललं होतं. "कुंडलिक, आधी फरशी लख्ख कर, मग ती आरती उरक."

"साहेब, खराटा वला व्हतो."

"अरे, उन्हात दोन मिनिटं धर. वाळतो."

ती दोन मिनिटंही मिळाली नाहीत. पहिल्या गाडीच्या चालकाने हॉर्न दाबला आणि कुंडलिक खराटा घेऊन पुढे झाले. वरच्या सांध्यापाशी खराटा नुसता चरचरला. काय आवाज आला म्हणून त्यांनी मान पुढे केली. आग कुणालाच दिसली नाही. दिसलं ते इतकंच, की कुंडलिक दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीवर थपडा मारताहेत. चालकांना वाटलं, म्हातारा नाचतोय. एक जण हसलासुद्धा. मग गणवेशाचं टेरिलीन वितळायला लागलं आणि तो हसायचा थांबला. हर्षदने लाल बटण दाबून गॅस तोडला. रश्मी तिसऱ्या मजल्यावरून खाली कशी आली, हे तिला आजही आठवत नाही.

चौथ्या दिवशी कुंडलिक गेले. जाईपर्यंत शुद्धीवर होते, हेच वाईट.

चौकशी आठवड्यात उरकली. 'कर्मचाऱ्याने ओले साधन वापरले. निष्काळजीपणा.' दोन ओळी. रश्मीने त्या वाचल्या आणि तिला संतापाने रडूच येईना.

जलदान विधी झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सावंत घरी आले. डोळे खरंच ओले होते; माणूस दुष्ट नव्हता, आणि दुष्ट नसलेल्या माणसांच्याच हातून या देशात असली कामं होत आली आहेत. त्यांनी वारसाहक्काचं पत्र चटईवर ठेवलं. "सोमवारी हजर हो, रश्मी. मीच वरपर्यंत भांडलो. म्हटलं, पोरीची खोली तरी वाचू दे."

ते गेल्यावर जयाने पत्र उचलून पदराखाली धरलं. "जाशील ना गं? खोली गेली तर मी या वयात कुठं जाऊ?"

त्या प्रश्नाने रश्मीची तीन रात्री झोप उडाली.

सोमवारी ती सातला पंपावर गेली. चालक, हर्षद, सफाईची माणसं, सगळे जमले होते. सावंतांनी नवाकोरा खराटा पुढे केला. "हा वेगळा ठेवलाय बघ. खास पंपासाठी. कोरडा."

"हा माझ्या पप्पांनी चारदा मागितला होता," रश्मी म्हणाली.

सावंतांची नजर खाली गेली. "झालं ते झालं. आता काळजी घेऊ."

"तुम्ही त्या व्हिडिओत काय पाहिलं, सर? झाडू धरणारे कोण होते? शिकलेले, आगीचे कपडे घातलेले लोक. ज्यांना गॅस कळत होता, ते. तुम्ही फक्त झाडू पाहिलात. मला यंत्र द्या, आगीचा कोट द्या, तपासनीस म्हणून नाव लावा. आत्ता जाते. पण सफाईवाल्याची पोर म्हणून मी पुढे होणार नाही."

"तसा नियम नाही गं. आणि खोली?"

"घेऊन टाका." वर गॅलरीत आई उभी होती.

"मग गाड्या निघणार कशा?"

"ज्याला काढायच्या असतील, त्याने पुढे व्हावं."

सावंतांनी हर्षदकडे पाहिलं. हर्षदने पिवळ्या रेघेकडे पाहिलं. चालकांनी बुटांकडे. सफाईच्या माणसांपैकी कुणीच हललं नाही. सावंतांनी खराटा खांबाला टेकवला, मोबाइल काढला आणि मुलुंडच्या डेपोला फोन लावला. "एक सफाईवाला पाठवा. हो, कुणीही चालेल."

नऊच्या सुमाराला गेटवर एक बाई आली. वनमाला, चाळिशीची, खांद्याला पिशवी. तिने गेटपाशी बसलेल्या रश्मीलाच विचारलं, "ताई, गॅसचा पंप कुठल्या बाजूला? झाडायला बोलावलंय."

रश्मीने सरकून बाकावर जागा केली. "बसा. तिथं काय झालं, ते आधी सांगते."

वनमालाने शेवटपर्यंत ऐकलं. "घरी दोन लेकरं हायेत माझी," ती म्हणाली. "हे मला कुनी सांगितलंच नाही."

आत कुणीतरी तिला हाका मारत होतं. नावाने नव्हे, नाव कुणी विचारलंच नव्हतं. वनमाला बाकावरून उठली नाही.