बिनफोटोच्या ईमेल

"फोटो कुठायत, अकोफा? सण झाला का नुसती बैठक झाली, काही कळत नाही तुझ्या ईमेलवरून." दोत्से सर काठी दाराशी टेकवून तिच्या टेबलासमोर बसले. अन्लोगाच्या गावसंघाचे ते अध्यक्ष. अकोफाला चौथीत त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे छप्पन्नाव्या वर्षीही ते आत आले की ती उठून उभी राहायची.

संघाची ईमेल-यादी अकोफाकडे होती. परमुलखात पांगलेली तीनशे बारा माणसं. कोणाला घालायचं, कोणाला काढायचं, सगळं तिच्या हातात. नियमही तिनेच केलेला: लागोपाठ तीन ईमेल परत आल्या की नाव काढायचं. तीन वर्षांपूर्वी कफुई याच खोलीत रडली होती, मेलेल्या नवऱ्याचं नाव तेवढं राहू दे म्हणत. अकोफाने तिला पाणी दिलं आणि नाव काढलं.

त्यानंतर वर्षभराने हाम्बुर्गच्या गोदीत काम करणारा अकोफाचा एकुलता मुलगा सेलासी तापाने वारला. रिवाजाप्रमाणे देहाऐवजी त्याची नखं आणि केस गावी आले, तेच पुरले. पण यादीला पाठवलेली ईमेल त्याच्या पत्त्यावरून परत आली नाही. पुढचीही आली नाही. तिकडे कुठेतरी कोणी घेतंय, एवढ्या आधारावर ही बाई दोन वर्षं जगली. त्याची ईमेलची पेटी लहान, ती भरली की सगळं परत येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने आधी फोटो बंद केले, मग भाषणं. गेल्या सणातलं सरांचं तासाभराचं भाषण 'अध्यक्षही बोलले' एवढ्यात आटोपलं होतं.

हे सरांना कोणत्या तोंडाने सांगणार? कॉम्प्युटर जुना झालाय, असं ती काहीतरी पुटपुटली.

"माझ्या भाषणाचं सोड," सर म्हणाले. "कफुईची लेक टोरांटोला एकटीच बाळंत झाली. नवरा गेल्यावर यंदा पहिल्यांदा कफुई सणात नाचली. लेकीला आईला नाचताना बघायचंय गं."

अकोफाने पदराशी चाळा केल्यासारखं अंगावरच्या कापडाचं टोक पिळलं. मग कॅमेरा जोडला.

फोटो तीन ईमेलमध्ये बसले. पहिलीत पालखीतले मुखिया, दुसरीत कांद्याच्या वाफ्यांमधून चाललेली मिरवणूक, तिसरीत पांढऱ्या कपड्यातली कफुई, हात पसरून नाचणारी. पहिली पाठवली आणि ती पडद्याकडे बघत बसली. मिनिटभरात ती एका पत्त्यावरून परत आली: पेटी भरली आहे. तिने दुसरी पाठवली. तीही परत आली. तिसरी पाठवताना तिचा हात थांबला, पण कफुई तिसरीतच होती. तिने ती पाठवली, आणि तीही परत आली.

"गेले सगळे?" सरांनी विचारलं.

"एका पत्त्यावर नाही गेले."

"कोणाच्या?"

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. सरांनी चष्मा लावला. नाव छोटंच होतं, पण त्यांना वाचायला वेळ लागला. दोन वर्षांच्या बिनफोटोच्या ईमेल त्यांना आता कळल्या.

"राहू दे त्याचं नाव," ते हळूच म्हणाले. "कोण विचारतंय?"

"कफुईने विचारलं होतं, सर."

तिने सेलासीचं नाव काढलं. यादी तीनशे अकरावर आली. काढलेल्या माणसाला आपोआप निरोप जातो; तो कधीकाळी अकोफानेच लिहून ठेवला होता. 'आपलं नाव काढलं आहे. परत यायचं झालं तर एक ओळ लिहा, लगेच घेऊ.'

दोघंही पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने तो निरोपही परत आला.

अकोफाला रडू आवरेना. ती बसूनच राहिली. दोत्से सर काठी न घेताच उठले आणि तिच्यासमोर उभे राहिले.