आईची कापडाची कात्री

असं समजा, तुमच्या घरात एक कात्री आहे आणि तिला कुणीही हात लावायचा नाही. तिने कागद कापायचा नाही, दुधाची पिशवी तर नाहीच नाही. फक्त कापड. कारण तुमची आई कपडे शिवते, आणि भलतंसलतं कापलं की त्या कात्रीची धार जाते. समजलं? मग आता तुम्ही छबी झालात, वय वर्षं नऊ.

छबीच्या कुत्र्याचं नाव पैलवान. नाव एवढं मोठं, पण शेजारच्या टीचभर कुत्रीने मानेला दात लावले आणि हा कुंई कुंई करत टेबलाखाली! आई कपडे पोचवायला बाहेर गेली होती. घरात होता इस्त्री करणारा मामा. त्याने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"दोघांची लस झालीये ना? मग घाबरू नका," त्या म्हणाल्या. "भोवतीचे केस कापा, मिठाच्या कोमट पाण्याने धुवा आणि जखम उघडी ठेवा. सकाळ-संध्याकाळ बघायची. सूज आली, तर लगेच घेऊन या."

कागदाची कात्री केस ओढायला लागली. पैलवान गुरगुरला. छबीने मामाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे. तिथे ती कात्री लटकत होती.

"मी इस्त्री करतोय हं," मामा म्हणाला, "मला काही दिसत नाही."

"मामा, इस्त्री बंद आहे."

"असू दे!"

मग मामाने पैलवानाचं तोंड हळूच धरलं. छबीने केसांखाली कंगवा सरकवला आणि कंगव्यावरचे केस तेवढे कचाकच कापले. दातांची दोन बारीक भोकं दिसली. ती तिने धुतली, स्वच्छ फडक्याने टिपली. सगळं कसं शहाण्यासारखं झालं. पण मानेवर हे एवढं टक्कल! आई विचारणारच, कशाने कापलंस? छबीने आपला रुमाल पैलवानाच्या गळ्यात बांधला, चांगला घट्ट.

आई आली. "अगंबाई, नवरदेव सजलाय की!" म्हणून हसली आणि मशीनवर बसली.

संध्याकाळी जखम बघायची होती, पण आई समोरून हलेना. रुमाल तसाच राहिला.

सकाळी पैलवान सारखी मान खाजवायला लागला. छबीने दाराआड रुमाल जरासा उचलला. खाली ओलं, लाल आणि फुगलेलं दिसलं.

तेवढ्यात आई आतून कडाडली, "ही कात्री मेली कापड चावतेय! धारवाल्याने काम नीट केलेलं नाही. थांब, त्याला सुनावूनच येते." आणि ती चपला घालायला लागली.

मामाने शर्टामागे तोंड लपवलं.

छबी पैलवानाला घेऊन थेट आईपुढे गेली, तिच्या देखत रुमालाची गाठ सोडली आणि म्हणाली, "केस मी कापले, तुझ्याच कात्रीने. माझ्यावर मग ओरड. आधी डॉक्टरीणबाईंकडे चल."