धुराड्यावरचे भाऊजी

बंद पडलेल्या काच कारखान्याच्या धुराड्यावर रोज दिवेलागणीला माझे भाऊजी यायचे. भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण वक्तशीरपणा सुटला नव्हता. खाली आवारात सगळी कामगार वसाहत माना वर करून उभी असायची. आधी काहीच दिसायचं नाही. मग धुराड्यामागून एक नारिंगी ठिपका निघायचा, भट्टीतून काढलेल्या काचेच्या थेंबासारखा, आणि अधांतरी थांबायचा. असा थांबायचा की अंगावर काटा यावा. माझ्याही यायचा, पदवी काट्याला अडवत नाही.

"आले! तुमचे भट्टीचे मुकादम आले!" महिन्यापूर्वी गावात उतरलेले प्रकाशगुरू माईकवरून सांगायचे. "आत्मा म्हणजे काय? कंपन! आता विज्ञानसुद्धा हेच म्हणतं!"

विज्ञान हे कुणाला म्हणालं ते विचारायची सोय नव्हती. भोंग्यावरचं संगीत इतकं मोठं, की शेजारच्याचा खोकलाही ऐकू येत नसे.

"मुकादम, पुढे या! पत्नीला दर्शन द्या!" ठिपका हेलकावे खात पुढे यायचा. "आता उजवीकडे!" ठिपका डावीकडे जायचा, दचकून थांबायचा आणि घाईघाईने उजवीकडे यायचा.

"पाहिलंत? मेल्यावर माणसाच्या दिशा उलटतात! नवीन आहेत, होईल सवय."

"आमचे हे जिवंतपणीच उलटे जातात," मागून शिंपीणकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या. पण हात त्यांनीही जोडले होते.

शेवटी ठिपका एकाएकी सरळ वर चढायचा. लगेच गुरू ओरडायचे, "बोलावणं आलं! डोळे मिटा! जाणाऱ्याला बघू नये!" डोळे उघडेपर्यंत आभाळ रिकामं.

पहिल्या रांगेत खुर्चीवर माझी ताई बसायची. तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. सुईने शरीराचं कंपन गळतं, मग आत्म्याला घर सापडत नाही, असं गुरूंनी सांगितल्यापासून तिने इन्सुलिन बंद केलं होतं. बाटल्या फ्रिजच्या दारात तशाच पडून होत्या. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर आधी पाय जाईल, मग बाईच जातील.

मी ते सांगितलं तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, "मग काय झालं? हे तिथे एकटेच आहेत."

ताईच्या घरात भाऊजींची खुर्ची ती रोज पुसायची आणि खिडकीकडे तोंड करून ठेवायची. त्या खुर्चीत बसायची माझीही हिंमत होत नसे.

भाची एका फोटो स्टुडिओत कामाला होती. मालकाने नुकताच ड्रोन आणला आणि "तूच शीक" म्हणून तिच्या गळ्यात घातला. रोज सकाळी ती मैदानात जायची आणि पंखे मोडून यायची. रिमोटची डावी दांडी वर-खाली करायला आणि जागच्या जागी वळवायला, उजवी पुढे-मागे आणि बाजूला न्यायला. "तेवढं जमतं, मामा. पण त्याचं तोंड आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं. डोक्याला कळतं, अंगठ्यांना कळत नाही."

आईला एकटीला सोडवेना, म्हणून एका संध्याकाळी ती आवारात आली. गुरूंनी "उजवीकडे" म्हटलं, ठिपका डावीकडे गेला, दचकला, परतला. भाचीचे अंगठे हवेत हलले. मग तिने माझ्या कानाला तोंड लावलं.

"मामा, हा आत्मा माझ्याच वर्गात आहे."

"काय?"

"समोर येताना चुकतो, पाठ फिरवून जाताना चुकत नाही. आता बघा, डोळे मिटू नका. बॅटरी संपत आली की ड्रोन आपोआप वर चढतो आणि जिथून उडाला तिथे परत जातो."

ठिपका वर चढला. सगळ्यांनी डोळे मिटले. आम्ही दोघांनी नाही. दिवा विझला, पण एक काळा किडा आमच्या डोक्यांवरून सरळ रेषेत मागच्या गोदामाच्या गच्चीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी ठिपका धुराड्यावर थांबला, तेव्हा आम्ही गोदामाचा जिना चढलो. गच्चीवर गुरूंचे मेहुणे रिमोट गळ्यात अडकवून, जीभ दातांत धरून उभे होते. आम्हाला पाहून ते पळाले नाहीत.

"जरा हे उजवं-डावं सांगता का हो?" ते काकुळतीने म्हणाले. "घरी गेल्यावर फार बोलणी खावी लागतात."

भाचीने रिमोट घेतला. ठिपका सावकाश पुढे आला आणि खाली उतरू लागला. गर्दी मागे सरली. ताई मात्र उठून उभी राहिली, तिने दोन्ही हात पुढे केले. गच्चीवर भाची रडत होती, पण अंगठे स्थिर होते.

तो मोकळ्या जागेत टेकला. मी धावत खाली गेलो आणि भोंग्याची वायर उपटली. उरली ती पंख्यांची किरकिर, मग तीही थांबली. चार पंखे, एक दिवा, दिव्यावर चिकटवलेला नारिंगी जिलेटीन कागद.

"मुकादमांनी यंत्राचं रूप घेतलं!" गुरू ओरडले. खोटं नाही सांगत, तीन-चार जणांनी ड्रोनला हात जोडले.

तेवढ्यात मेहुणे जिन्यावरून म्हणाले, "पुरे आता, भाऊजी. चार्जिंगला लावायचंय ते."

आधी शिंपीणकाकू हसल्या, मग सगळेच. गुरूंना त्या रात्री गाव सोडावं लागलं.

ताई हसली नाही. घरी येऊन तिने भाचीसमोर दंड पुढे केला. "टोच," म्हणाली. सुई टोचून झाल्यावर म्हणाली, "मला शंका यायची गं. यांचं उजवं-डावं कधी चुकलं नव्हतं. पण वर बघत राहिलं की घरात यावं लागत नाही."

पाय वाचला, अंगठा गेला.

वाचकहो, ड्रोन तर दुकानात मिळतो. त्याला मुकादम आपण बनवलं. डोळे मिटा असं कुणी सांगितलं, तर नेमके तेव्हाच उघडे ठेवा. आणि आणखी एक. महिनाभर सगळी वसाहत भाऊजींना बघायला आवारात जमत होती. ताईच्या दारात तिच्याजवळ बसायला त्यातलं एकही माणूस आलं नव्हतं. मीही शेजारच्या गल्लीत राहतो, पण उभ्याउभ्याच डोकावून जायचो. आपण गेलो असतो, तर त्या दिव्याला बसायला जागाच उरली नसती.