गणपतीमागची भिंत

मी ब्लॉग सुरू केला तेव्हा तो कोणी वाचेल असं मला वाटलंच नव्हतं. आमच्याकडे गणपती बसतो त्याच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी चित्रं काढतात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर चुना मारून नवी काढतात. त्यावर माझं संशोधन चाललं होतं. चित्रं पुसली जाणार, निदान फोटो तरी राहावेत, म्हणून रत्नागिरीच्या सायबर कॅफेत बसून, भारनियमनाला शिव्या घालत, मी एकेक भिंत ब्लॉगवर टाकायचे.

२००७ साली पहिली भिंत टाकली ती पावसच्या मैनाकाकीची. माझी सख्खी काकी. गेरू, नीळ, हळद आणि काजळ एवढ्यावर ती मोर, कमळं आणि शिडाचं गलबत असं काही काढते की बघत राहावं. फोटोखाली एका नागपूरच्या गृहस्थांनी लिहिलं, 'अप्रतिम! एकदा येऊन बघायलाच हवं.' माणसं असं म्हणतात आणि विसरून जातात. तिच्या नवऱ्याने, काशीरामकाकाने मात्र फोटोची त्या ओळीसकट प्रिंट मागून घेतली आणि अख्ख्या वाडीला दाखवली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी कॅमेरा घेऊन पावसला गेले. घरोघरी भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. काकाच्या घरी गेल्या वर्षीचाच मोर! काकी सुपात तांदूळ निवडत होती. तिचा गेरू मात्र भिजवलेला दिसला, करवंटीत सुकून त्याला भेगा पडल्या होत्या.

"काका, चुना कधी मारणार?"

"या वर्साला नाय. नागपूरचा पावना येणार हाय. त्यानं फोटोत एक बघितलान आणि भितीवर दुसरंच असलं, तर आपण खोटं पडू."

माझं डोकंच फिरलं. "अहो, वर्ष झालं! कोण येतोय तुमचा पावणा? काकी वर्षभर या एका गोष्टीची वाट बघते, आणि तुम्ही..."

काकाने मला दंडाला धरून मागच्या परड्यात नेलं, काजूखाली.

"वरडू नको गो नमू. तिचा हात बघितलास? कपातली चाय सांडते. परवा उंबऱ्याकडे रांगोळी काढलीन, तीपण येडीवाकडी. पुसलीन आणि आत जाऊन रडली. आरतीला सगळी वाडी जमते. भितीवर तसंच झालं तर तिला काय वाटेल? पावना येणार नाय, तां मलापण कळतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या हट्टी म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली. पण मागच्या दारात काकी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"हात माझा कापतो, आणि तां मला म्हायत नाय काय?" ती म्हणाली. "रांगोळी वाकडी झाली म्हणून नाय रडले मी. आता थोडीच वर्सां हायत हातात, म्हणून रडले. आणि तुम्ही तीच भित अडवून बसलाव!" मग पदर खोचत, "आणि पावना खराच आला, तर त्याला मागल्या वर्साचा शिळा भात वाढाल?"

काकाने कोपऱ्यातली बादली उचलली, चुना कालवला आणि स्वतः भिंतीला लागला. भिंतीपेक्षा जास्त चुना त्याच्या डोक्यावर पडला, पण हसायची माझी हिंमत झाली नाही.

भिंत वाळली तशी काकी पाटावर बसली. पहिलीच रेघ थरथरत गेली. काकीने ओठ आवळले. काका तिच्या मागे येऊन बसला आणि खालून तिचं मनगट धरलं.

"एवढं घट्ट नका धरू, मोराची मान मोडेल."

"मोडूदे. तुझा मोर तसापण लय माजोरी दिसतो."

दोघं हसली आणि मी फोटो काढला. गलबत त्या वर्षी जरा कललेलं निघालं. आरतीला जमलेल्या वाडीने ते बघितलं आणि नेहमीसारखी वाखाणणी केली.

फोटो ब्लॉगवर टाकला. नागपूरच्या गृहस्थांनी लगेच लिहिलं, 'सुंदर! पण मधे कोणाचा तरी हात आलाय, चित्र झाकलं जातंय. हात नसलेला फोटो टाकता का?'

मी लिहिलं, 'हात राहील. चित्र नीट बघायचं असेल तर पावसला या. ज्यांचा हात आहे, ते गेलं वर्षभर तुमचीच वाट बघतायत.'