चादरीचं दुसरं टोक

माझी नणंद कामात ढ नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि बोलणंच विसरली. 'हो', 'नको', 'जेवले' एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. शेवटी मीच तिला हाताला धरून आमच्या लाँड्रीत आणलं. इस्पितळाच्या चादरी धुऊन, वाळून आमच्या खोलीत येतात आणि दोघीदोघींनी मिळून त्यांच्या घड्या घालायच्या असतात. तिथली सगळ्यात जुनी मी.

मुकादम म्हणाला, "शनिवारपर्यंत बघू. जमलं तर ठेवू."

नाही जमलं, तर ही परत घरातल्या कोपऱ्यात जाऊन बसणार, आणि मग तिला तिथून उठवणं माझ्या बापालाही जमणार नव्हतं.

आता घडीचं असं आहे. समोरासमोर उभं राहायचं. मी उजवा हात डावीकडे नेला की समोरचीने डावा हात उजवीकडे न्यायचा. दोघींनीही उजवाच नेला, की चादरीला पीळ बसलाच म्हणून समजा. आमच्या नणंदबाई दर वेळी उजवाच नेत. नवरा सदा फिरतीवर, त्यामुळे घरच्या चादरी तिने कायम एकटीने, हनुवटीखाली धरून घडी केलेल्या. समोर कुणी असतं, हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

"डावा, अगं डावा," मी घसा फोडून सांगायची. ती आणखीच मान खाली घालायची आणि चादरीची पार दोरी व्हायची. हिला आणून मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं वाटायला लागलं.

मग आमच्या खोलीतली एक बाई, रेडिओ, मध्ये पडली. तिचं तोंड सकाळी सुरू झालं की सुट्टी होईपर्यंत थांबत नाही, म्हणून हे नाव. "सरा बाजूला, ताई. ओरडून कुठं घडी पडते होय?"

तिने माझ्या हातातली टोकं घेतली आणि आपल्या सासूची गोष्ट लावली. सासूने चोर समजून स्वतःच्याच जावयाला न्हाणीघरात कोंडलं. बाहेरून कडी घातली, हातात लाटणं घेतलं, आणि... इथं बया गप्प. नुसत्या भुवया उडवत उभी.

नणंदेने मान वर केली. "मग?"

"सांगते की. पण माझ्याकडे बघत राहा. त्या चादरीत काय ठेवलंय?"

समोरच्या माणसाकडे बघितलं, की आरशात बघावं तसे हात आपोआप चालतात. गोष्ट पुढे सरकली आणि घडी सरळ पडली. दुसरीही पडली. जावई न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत निम्मा गठ्ठा संपला होता, आणि गुरुवारी तर नणंदच तिला स्वतःच्या सासऱ्याची गोष्ट सांगत होती. तीही ऐन रंगात आल्यावर मध्येच थांबवत.

शनिवारी मुकादमाने घड्या उलटसुलट करून बघितल्या. "राहू दे हिला. सोमवारपासून वहिनीच्या जोडीला लावतो. घरचं माणूस बरं."

नणंदेने हातातली चादर खाली ठेवली. "नको," ती म्हणाली, अगदी दारापर्यंत ऐकू जाईल अशी. "मला हिच्याबरोबरच ठेवा. वहिनीची बोलणी घरी फुकट मिळतात."

सगळी खोली हसली. मुकादमही हसला. भर कामावर माझं नाक कापलं गेलं, आणि माझ्या पोरांच्या निकालाला फुगली नसेल एवढी माझी छाती फुगली.

"ऐकलंत?" मी मुकादमाला म्हटलं. "ही माझी नणंद."