उत्तर आलं एक

शिलाई मशीनशेजारी, बटणांच्या डब्याला टेकून उभा असलेला, बिजागरी मोडलेला काळा लॅपटॉप दिसतो ना, मित्रांनो, तो मी. आता म्हातारा झालो. एक कळ निखळली आहे, पंखा घरघरतो. बोलायचं ते आताच बोलून घेतो.

ताई कपडे दुरुस्त करते. विरलेली कोपरं, उसवलेले खिसे तिच्या हाती आले की पुन्हा अंगावर मिरवायचे. टाक्यांबद्दल दर आठवड्याला एक पत्र लिहून ती वाचकांना ईमेलने पाठवी. सकाळी तिचे हात सुईदोऱ्यात गुंतलेले, म्हणून मला उघडून वाचायचं काम तिच्या बाबांचं. बाबांनी जन्मभर रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. ते निवृत्त झाले, त्यांचा आवाज मात्र निवृत्त झाला नव्हता. चष्मा पुसून ते माझ्यासमोर बसत.

"लक्ष द्या! डॉक्टरीणबाईंचा कोट न्यायला दहा वाजता माणूस येत आहे. पडदेवाल्या काकूंची ईमेल एक दिवस उशिरा धावत आहे. नवे वाचक दोन, सोडून गेला एक. गेलेल्याची चौकशी खिडकी क्रमांक एकवर करावी!"

"बाबा, हळू! शेजारचे बॅगा घेऊन निघतील," ताई हसायची.

मग ते स्वतः जुळवलेल्या दोन ओळी म्हणत. रोज नव्या. एक जोडी मला आठवते :

सुई पळे पुढं पुढं, दोरा मागं मागं,
पोटी पडता दोन घास, काम मार्गी लागं.

आणि ताई उठून दोन घास खायची.

पुढे कामं वाढली. सुट्टीत आलेला धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, बाबांना कशाला राबवतेस? हे सगळं आपोआप होईल." त्याने मला शिकवलं. ईमेल, कॅलेंडर, पत्राचे आकडे मीच वाचायचे आणि सकाळी थोडक्यात बोलून दाखवायचे. पत्राला येणाऱ्या उत्तरांत जाहिरातींचाच भरणा. ती सगळी वेगळ्या कप्प्यात टाकायची आणि वाचकांची तेवढी नुसती मोजायची, असं ठरलं.

"वाचेन की सवडीने," ताई म्हणाली.

माझं केवढं कौतुक झालं! "दोन मिनिटांत सगळा दिवस हातात!" बाबांनी पुसलेला चष्मा डबीत ठेवला.

एकदा त्यांनी मध्येच काही सांगू पाहिलं. ताईने हात वर केला. "थांबा ना बाबा, ते बोलतंय."

त्याच आठवड्यात बाबांनी आपल्या फोनवरून ताईच्या पत्राला नाव नोंदवलं. पत्र आलं की आतल्या खोलीत बसून, एका बोटाने, ते उत्तर लिहीत. सकाळी मी सांगे, "उत्तर आलं एक."

"बघा बाबा, कुणीतरी दर वेळी न चुकता लिहितं हं!"

"असेल कुणी रिकामटेकडा," बाबा म्हणाले. सुईत दोरा जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मग आत गेले.

यंदा त्यांच्या घशात गाठ निघाली. "बारीकशी आहे, काढली की झालं," एवढंच ते घरात बोलले. बाकीचं उत्तरात लिहिलं : "आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणतात. उद्या निघण्याआधी सकाळचं मला वाचू देशील?" खाली एकच ओळ होती :

उंबऱ्याच्या आत मी गं, पत्र येई दुरून…

"दुसरी उद्या तोंडी सांगतो."

सकाळी मी खणखणीत बोललो. "आज बाबांचं ऑपरेशन. नवे वाचक तीन. उत्तर आलं एक." ताईने पिशवी उचलली. बाबा माझ्याकडे पाहत दारात थांबले.

"चला बाबा, उशीर होतोय."

गाठ गेली. आवाजही गेला.

दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसल्यावर ताईला सवड मिळाली. तिने मांडीवर मला घेऊन तो कप्पा उघडला. जाहिरातींच्या ढिगात एकच नाव पुन्हा पुन्हा. ती वाचत राहिली. माझा पडदा विझू लागला की बोटाने जागा करायची आणि पुन्हा वाचायची. शब्द सगळे माझ्याजवळ होते, मित्रांनो. माझ्याकडे मागितला होता तो फक्त आकडा.

आता सकाळी ताईच वाचते. "लक्ष द्या!" म्हणते. घाई केली की बाबा कपावर चमचा वाजवतात. शेवटी ती उंबऱ्याची ओळ म्हणते आणि पुढे आपली एक जोडून बघते. बाबा हसून मान हलवतात. ही नव्हे. तिने कागद पुढे केला तर बाजूला सारतात. तोंडी सांगायचं ठरलं होतं ना!

मित्रांनो, आमच्याकडून हवं तेवढं मोजून घ्या. आम्ही दमत नाही. पण आतल्या खोलीतून कुणी बोलू लागलं, तर आमचं झाकण खाली करा. आम्ही लगेच गप्प होतो. आम्हाला राग येत नाही.