दार मोजायचं, माणूस नाही

गुनवोरने आकड्यांची स्क्रीन दोन्ही हातांनी उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. मग काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने ती वॅफलच्या साच्यात पीठ ओतायला लागली.

“आकड्याला शिक्षा झाली वाटतं,” हालदिस म्हणाली. कंपनीचा व्यवहार हालदिस बघायची, आणि शुक्रवारी वॅफलसोबतच्या तपकिरी चीजचे काप काढायचं कामही तिचंच.

“खाताना तो डोळ्यांसमोर नको.”

“किती झालाय?”

“चार हजार एकशे बारा.”

हालदिसने चीजचा पुढचा काप जरा जाडच काढला.

मोल्दे गावात धक्क्यावरच्या मासळीच्या जुन्या गोदामात तेवीस माणसं मिळून वार्दे नावाचा ब्राउझर बनवतात. डोंगरवाटेवर येणारे-जाणारे एकेक दगड ठेवून ढीग रचतात, तो वार्दे. धुक्यात वाट दाखवतो आणि कोण कुठे चाललंय याची चौकशी करत नाही. कंपनीचाही बाणा तोच. बाहेरच्या कुणाचा पैसा नाही, तेवीस जणांचा सारखा वाटा, आणि मोठा निर्णय शुक्रवारी वॅफल खाताना हात वर करून. संगणकावरचा वार्दे बरा चालायचा. लोक त्यातून काहीबाही शोधत, शोध पुरवणारी कंपनी त्याचे चार पैसे देई, त्यावर तेवीस घरं सुखाने चालत. फोनवरचा वार्दे मात्र गुनवोरचा. सहा वर्षं ती आणि तिचे चौघे त्यासाठी खपले होते, आणि वापरणारे किती, तर साऱ्या जगात मिळून चार हजार एकशे बारा.

कारणं सगळ्यांना पाठ होती. फोन घ्यावा तर त्यात दुसराच ब्राउझर आधी बसलेला असतो. वार्दे हवा असेल तर शोधून आणा, मग फोनच्या पोटात चार खोल्या आत जाऊन त्याला समजावा की बाबा रे, यापुढे हा वापर. एवढं करूनही एखाद्या दुव्यावर बोट पडलं की फोन आपल्या लाडक्यालाच हाक मारणार.

आयविन वॅफल हातात घेऊनच उभा राहिला. कंपनी त्याने काढली होती, पण कुणी त्याला साहेब म्हटलं असतं तर तो लाजून धक्क्यावरून उडी टाकता.

“एक प्रस्ताव आलाय,” तो म्हणाला. “फोन बनवणारी परदेशी कंपनी. पुढच्या वर्षीच्या प्रत्येक फोनमध्ये वार्दे आधीच बसवून देतील. चार कोटी फोन.”

कुणीतरी शीळ घातली.

“आणि अट?” गुनवोरने विचारलं.

“प्रत्येक फोनला एक कायमचा नंबर. कुठली पानं बघितली ते त्या नंबरावर त्यांच्याकडे जाणार. नाव नाही हं, फक्त नंबर.”

“फक्त,” हालदिस म्हणाली.

“मलाही आवडलेलं नाही. पण चार हजार लोकांसाठी पाच पगार आपल्याला आणखी झेपणार नाहीत. पुढच्या शुक्रवारी हात वर करू. एक तर हे घ्यायचं, नाही तर फोनवरचा वार्दे बंद. गुनवोर, तुला काही बोलायचंय?”

“वॅफल करपतंय,” ती म्हणाली.

शनिवारी ती भावाकडे वेस्तनेसला निघाली. फेरीबोटीवर चढलं की गाडीतून उतरायचं, वरच्या उपाहारगृहात जायचं आणि गरम स्वेले घ्यायचं. लोणी-साखर लावून दुमडलेलं ते जाड धिरडं न खाता आमच्याकडे कुणी फ्योर्डची खाडी ओलांडत नाही. काउंटरवर योरिड होती. गुनवोर तिला वीस वर्षं तोंडओळखीने ओळखत होती, म्हणजे आमच्या हिशेबाने मैत्रीणच.

“तिकडे पाऊस आहे का गं?” गुनवोरने विचारलं.

“थांब, बघते.” योरिडने फोन काढला. कोपऱ्यात एकावर एक ठेवलेले तीन दगड दिसले.

गुनवोरचा हात पैसे देता देता तसाच राहिला.

“हे काय आहे?”

“हे होय? वार्दे. तूही घे. चुगल्या करत नाही.” योरिड काउंटरवरून पुढे वाकली. “माझ्या बहिणीला छातीत गाठ लागली. तिने फोनवर एकदा, एकदाच हं, शोधलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासमोर टोपांच्या जाहिराती. केस गेल्यावर घालायचे टोप! संध्याकाळी नवऱ्याने तिचा फोन मॅच बघायला घेतला आणि त्यालाही त्याच. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याला कळलं होतं. ती त्या जाहिरातींपायी जेवढी रडली, तेवढी गाठीपायी नाही रडली. मग इंजिनखोलीतल्या पोराने हे शोधून आणलं. आता ह्या बोटीवर आम्ही चौदाजण हेच वापरतो.”

हे माझं आहे, असं गुनवोर म्हणू शकली असती. पण आपलं कौतुक आपणच करणं आमच्याकडे चारचौघांत दात कोरण्यासारखं समजतात. तिने पैसे दिले, स्वेले घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन बसली. अभिमानाच्या भरात पहिला घास कधी संपला ते तिला कळलंच नाही.

दुसऱ्या घासाला तिच्या मनात आलं, चौदा? साऱ्या जगात चार हजार, आणि त्यातले चौदा एका बोटीवर?

सोमवारी तिने कॉफीच्या यंत्राशेजारच्या टेबलावर नऊ जणांचे फोन ओळीने मांडले. गोदामातलं वायफाय बंद केलं, चाचणीपुरती शून्यापासून नवी मोजणी लावली आणि नऊही फोनवर वार्दे उघडला.

“एक,” हालदिसने वाचलं. “नऊ फोन उघडले, आणि हा म्हणतोय एक.”

सगळ्यांची नजर यंत्रावरच्या भिंतीकडे गेली. तिथे चौकटीत एक पिवळा पडलेला कागद होता. त्यावर गुनवोरच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: दार मोजायचं, माणूस नाही. बारा वर्षांपूर्वी, वार्दे नुसता संगणकावर होता तेव्हा, हा नियम तिने केला होता. घराच्या इंटरनेटला एक पत्ता असतो. त्या पत्त्यावरून दिवसभरात कितीही जण आले तरी मोजायचं एकच, आणि पत्ता तिथल्या तिथे विसरून जायचा. घरांच्या बाबतीत ते ठीक होतं. पण फोनची कंपनी हजारो गिऱ्हाइकांना एकाच दारातून बाहेर सोडते. ती बोट, वेस्तनेस गाव, कदाचित अर्धा जिल्हा, सगळे मिळून वार्देच्या लेखी एक.

“सहा वर्षं?” आयविन म्हणाला. “सहा वर्षं हे कुणालाच दिसलं नाही?”

“बघतंय कोण? त्या नियमाखाली उभं राहून आपण कॉफी ओततो, झालं,” गुनवोर म्हणाली.

आयविनला हसू आवरेना. लोकांना मोजायचं नाही ह्या हट्टापायी स्वतःच गायब झालेली कंपनी जगाच्या पाठीवर दुसरी नसेल. हसता हसता तो एकदम गंभीर झाला.

“मग खरे किती?”

“माहीत नाही. चाळीस हजार असतील, चाळीस लाखही असतील.”

“अगं मग शोध की! आठवडाभर प्रत्येक फोनला एक नंबर दे. आपल्यापुरता. बाहेर कुणाला द्यायचा नाही. शुक्रवारी खरा आकडा टेबलावर ठेवू आणि नंबर पुसून टाकू. तुझा विभाग वाचला समज.”

काम प्रोग्रॅमच्या एका ओळीचं होतं. गुनवोरने ती ओळ मनात लिहूनही पाहिली. चांगली जमली होती. तिने कप धुतला, पुसला, आणि पुसून झालेला कप पुन्हा धुवायला घेतला.

“नाही,” ती म्हणाली.

“तुझ्याच भल्यासाठी सांगतोय!”

“तेच तर. माझ्या भल्यासाठी आज आठवडा, उद्या तुझ्या भल्यासाठी महिना. त्यांच्या नंबरात आणि आपल्या नंबरात मग फरक काय राहिला?”

“मग शुक्रवारी बंद होईल ते, गुनवोर. कळतंय ना तुला?”

“मला न कळायला काय झालं? सहा वर्षं माझी गेलीत, तुझी नाही.”

हे आयविनला जरा जास्तच लागलं. तिने हातातला कप जागेवर ठेवला. शेवटी तीच म्हणाली, “डोंगरातल्या सार्वजनिक केबिनमध्ये आपण जातो. तिथे बघायला कुणी नसतं. कोठारातलं खातो, लाकडं जाळतो, आणि निघताना काय काय वापरलं ते वहीत लिहून येतो. कोण बळजबरी करतं?”

“आपण लिहितो. बाकीचं जग कशाला लिहील?”

“वही तर ठेवून बघू.”

मंगळवारी फोनवरच्या वार्देत अगदी खाली एक ओळ दिसू लागली: आम्ही तुम्हाला मोजत नाही, येऊन गेलात हे सांगावंसं वाटलं तर वहीत लिहा. दाबलं की कोरं पान उघडायचं. रकाने मात्र तिने सवयीने केबिनच्या वहीतलेच ठेवले: हवा कशी, जेवलात काय, आणखी काही. नावाचा रकाना नव्हता.

शुक्रवारी दुपारपर्यंत एक लाख अडतीस हजार नोंदी झाल्या होत्या.

वॅफल थंड होत होती आणि आयविन फोनवरून मोठमोठ्याने वाचत होता. हवा: वाळूचं वादळ, जेवण: काल. हवा: तुरुंगाच्या खिडकीतून बरी दिसते. हवा: माहीत नाही, मी रात्रपाळीची नर्स आहे. जेवण: सासूने केलं, विचारू नका. पाच नोंदींनंतर हालदिसने चष्मा काढून डोळे पुसले आणि कांदा नसताना डोळे कसे झोंबतात म्हणून सगळ्यांवर डाफरली.

“आता ही ऐका,” आयविन म्हणाला. “हवा: धुकं. जेवण: स्वेले, दोन. आणखी काही: गाठ साधी निघाली. ही बातमी नवऱ्याला मी सांगितली, फोनने नाही.”

त्याने फोन खाली घेतला.

“स्वेले!” तो पुन्हा उसळला. “म्हणजे आपल्याच भागातली बाई. हिला शोधून काढलं पाहिजे. अरे, ही एवढी एक गोष्ट छापली तर आपल्याला चार कोटी फोनांची गरजच नाही! गुनवोर, तू त्या फेरीबोटीने कायम जातेस. कोण असेल, काही अंदाज?”

गुनवोर साचा पुसत होती. योरिडचा काउंटरवरून वाकलेला चेहरा तिला लख्ख दिसला. एक नाव घेतलं असतं तर सहा वर्षांच्या कामाला ह्या खोलीतच नव्हे, देशभर शाबासकी मिळाली असती.

“छे,” ती म्हणाली. “स्वेले काय, फेरीवर सगळेच खातात.”

आयविन तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे त्याची नजर गेली आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले. त्याने फोन खिशात टाकला.

“बरं,” तो घसा खाकरून म्हणाला. “प्रस्तावाच्या बाजूने कोण?”

एकही हात वर झाला नाही. आयविनचे स्वतःचे दोन्ही हात खिशात होते.

“आणि पाच पगार?” कुणीतरी विचारलं.

“यंदाची पगारवाढ सगळ्यांनी सोडली तर वर्ष निघतं,” हालदिस म्हणाली. “बुधवारीच बघून ठेवलंय मी. माझी सोडली. बाकीच्यांचं बोला.”

हात वर झाले. आयविनने खिशातला हात काढून वॅफल उचललं होतं, त्याने ते वॅफलच वर केलं. गुनवोरने मोजले नाहीत. पण खाली राहिलेला एकही हात तिला दिसला नाही.

सगळे कामाला लागल्यावर ती भिंतीपाशी गेली आणि तिने स्क्रीन पुन्हा फिरवली. हालदिस चीजची ताटली घेऊन मागे येऊन उभी राहिली.

“चार हजार एकशे आठ,” तिने वाचलं. “अगं, चार कमीच झाले की!”

“हो ना, चार दारं कमी,” गुनवोर म्हणाली. तिने बाहीने काचेवरची धूळ पुसली आणि दारातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल अशी स्क्रीन नीट सरळ करून ठेवली.